कात्री सोडून सगळे उपाय

शिवऱ्यात घर बांधून राहायला आलेल्या निवृत्त माणसाची सकाळ भिंगाने सुरू होते. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात एके काळी पोस्टाची तिकिटं न्याहाळायला घेतलेलं भिंग. फाटकाजवळच्या कुंडीपाशी तो ओणवा होतो, एक पान उलटं करतो, सुलटं करतो आणि घराच्या दिशेने हाक मारतो, "अगं, बाहेर ये! क्वीन एलिझाबेथ गेली!"

"ती कधीच गेली. पेपरात आलं होतं," आतून उत्तर येतं.

"ती नव्हे. आपली!"

तोवर 'आपली कोण गेली' हे बघायला शेजारचे गृहस्थ चपला सरकवत कुंपणाशी आलेले असतात. चेहऱ्यावर सांत्वनाची पूर्ण तयारी. कुंडीतला गुलाब आहे असं कळल्यावर ते थोडे हिरमुसतात, पण आलोच आहोत तर एक सल्ला देऊन जाऊ, असा माणुसकीचा विचार करतात. "मीठ जास्त झालं असेल," ते म्हणतात. कुंडीत मीठ कोणी घातलेलं नसतं.

पुणे-सातारा महामार्गावर खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला की लागणारं शिवरे हे भोर तालुक्यातलं गाव. रस्त्याला लागून गोदामं आणि हॉटेलं, त्यांच्या मागे भाताची खाचरं आणि खाचरांच्या मधे मधे 'निसर्गाच्या सान्निध्यात' अशा पाट्या लावलेले प्लॉट. या प्लॉटांवर पुण्याहून आलेली मंडळी पहिल्या वर्षी कुंपण घालतात, दुसऱ्या वर्षी बोअर मारतात आणि तिसऱ्या वर्षी गुलाब लावतात. बोअरला पाणी लागलं नाही तर भूगर्भाला दोष देता येतो. गुलाब वाळला तर मात्र घरातल्या घरातच कोणाला तरी दोष द्यावा लागतो. या सगळ्या मंडळींचा मिळून एकच माणूस केला, तर त्याला सोयीसाठी काका म्हणता येईल. ओघाने काकूही आल्याच.

काकांनी उभी हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवलेली. चूक आहेच, फक्त ती सापडायची आहे, या श्रद्धेवर त्यांची नोकरी चालली आणि त्याच श्रद्धेवर आता बाग चालते. रोग नसेल असा गुलाब त्यांना संशयास्पद वाटतो.

पहिला रोग त्यांना सापडला तो जानेवारीत. पानांवर पांढरी पूड दिसली आणि काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर जाहीर केलं की शिवऱ्यात भुरी आली आहे. भुरी येते हे खरं. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की ती हमखास येते. पण ती कोवळ्या पानांवर, कळीच्या देठावर धरते, पानं मुडपते, कळी वाकडी करते. काकांची पूड जुन्या, निबर पानांवर होती. तीही फक्त महामार्गाच्या बाजूने. शेवटी काकूंनी ओल्या फडक्याने एक पान पुसलं, तेच फडकं खिडकीच्या गजावरून फिरवलं आणि दोन्ही डाग शेजारी शेजारी दाखवले. भुरी खिडकीलाही झालेली होती. महामार्गावरच्या धुळीवर अजून तरी कुठल्या कृषी सेवा केंद्रात औषध मिळत नाही.

दुसरा रोग परदेशातून आला. काकांची मुलगी डॅलसला असते. तिने सहज एक व्हिडिओ पाठवला, 'बाबा, आमच्याकडच्या गुलाबांना बघा काय झालंय.' टेक्सासात आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागांत 'रोझ रोझेट' नावाच्या रोगाने खरोखरच धुमाकूळ घातलेला आहे. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला तो कॅनडात आणि अमेरिकेत पहिल्यांदा नोंदला गेला, पण त्यामागे विषाणू आहे हे सिद्ध व्हायला २०११ साल उजाडावं लागलं. हा विषाणू पसरवतो एक कोळी, इतका बारीक की काकांच्या भिंगालाही दाद देणार नाही. तो वाऱ्यावर बसून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. रोग लागला की एकाच ठिकाणाहून वेड्यावाकड्या फांद्यांचा झुपका फुटतो, काटे गरजेपेक्षा कितीतरी जास्त आणि मऊसर येतात, पालवी लाल राहते. इलाज नाही. झाड मुळासकट उपटायचं, पिशवीत बांधायचं आणि विसरायचं.

यातली 'लाल पालवी' एवढीच काकांनी ऐकली. बाहेर येऊन बघतात तो सोळाच्या सोळा कुंड्यांना लाल पालवी! त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. मुलीला लगेच फोन.

"इकडेही आलाय गं."

"बाबा, काटे जास्त आहेत का?"

"गुलाब आहे तो. काटे जास्तच आहेत."

बहुतेक गुलाबांची नवी पालवी लालच असते. तांबूस, मरून, कधी जांभळट. पान मोठं झालं की निमूटपणे हिरवं होतं. रोझेटमधली लाली सहसा जात नाही, हा फरक. पण तो कळायला आठ-पंधरा दिवस गप्प बसावं लागतं आणि निवृत्त माणसाला सगळं जमतं, तेवढं एक सोडून. काकांनी कुदळ बाहेर काढली होती. काकूंनी ती लपवली म्हणून सोळा गुलाब वाचले.

तिसऱ्या रोगाचं निदान कुंपणापलीकडच्या गृहस्थांनी केलं. बुंध्याशी, मातीच्या जरा वर, गाठ होती. ते दबक्या आवाजात म्हणाले, "काका, स्पष्ट बोलू का? हा कॅन्सर आहे."

गुलाबाच्या बुंध्याशी खरी गाठही येते. ती करणारा जिवाणू एर्विन स्मिथ आणि टाउनसेंड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०७मध्ये ओळखला. वनस्पतीच्या पेशीत स्वतःचे जनुक घुसवण्याची त्याची हातोटी बघून पुढे शास्त्रज्ञांनी त्यालाच जनुकांची ने-आण करायला कामाला लावलं. ही गाठ खडबडीत असते, वेडीवाकडी वाढत जाते. काकांच्या कुंडीतली गाठ गुळगुळीत होती, जिथे डोळा भरला होता नेमकी तिथेच होती आणि सोळाही कुंड्यांत जवळपास एकाच उंचीवर होती. नर्सरीतला गुलाब म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर भरलेला हव्या त्या जातीचा डोळा. त्या सांध्यावर गाठ असायचीच. पण कॅन्सर हा शब्द एकदा हवेत सुटला की परत घेता येत नाही. पुढचा महिनाभर सोसायटीतली माणसं काकांना भेटली की गुलाबाची चौकशी खालच्या पट्टीत करायची.

एवढ्या खोट्या रोगांमधून खरा रोग आला तेव्हा त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, यात नवल ते काय?

वास्तविक पावसाळ्याने इशारा दिलेला होता. भोरकडचा पाऊस एकदा धरला की पानं दिवसच्या दिवस सुकत नाहीत आणि गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांना तेवढंच हवं असतं. पान सलग सात-एक तास ओलं राहिलं की बुरशीचं काम होतं. पानाच्या वरच्या बाजूला काळे, फिसकटलेल्या कडांचे ठिपके येतात, भोवती पिवळं पडतं आणि पान गळतं. पिवळ्या गुलाबांची पानं सगळ्यात आधी गेली तेव्हा काकांनी नर्सरीवाल्याला बोल लावला. पण त्याचा दोष थेट फ्रान्सपर्यंत जातो. ल्याँच्या पेर्ने-ड्यूशे यांनी १९००च्या सुमारास इराणी पिवळ्या गुलाबाच्या संकरातून 'सोलेय द'ऑर' आणला, बागांना झळझळीत पिवळा रंग मिळाला आणि त्या रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांपुढे हात टेकण्याची खोडही मिळाली, असं गुलाबाची पैदास करणारे मानतात.

पाऊस थांबला तसे ठिपकेही थांबायचे, पण काकांनी त्यांना पावसाची उणीव भासू दिली नाही. रोज संध्याकाळी नळीने ते गुलाबांना डोक्यावरून अंघोळ घालत. त्याचं समर्थनही तयार होतं: भुरीला ओलं पान मानवत नाही, असं त्यांनी वाचलं होतं. ते खरंही आहे. भुरीचे बीजाणू पाण्यात नीट रुजत नाहीत. म्हणजे नळी धरली की भुरी नाराज आणि काळे ठिपके खूष. नळी सोडली की उलट. यावर जुना तोडगा असा की पाणी सकाळी द्यावं, मुळाशी द्यावं आणि पानांना त्यात ओढू नये. सकाळी मात्र काका भिंगात गुंतलेले.

मग ऑक्टोबरची छाटणी आली.

छाटणीसाठी लागणारी कात्री मुलीने डॅलसहून पाठवली होती. स्वीस बनावटीची, लाल मुठीची. ती इतकी सुंदर होती की काकांनी ती शोकेसमध्ये ठेवली. छाटणी केली ती दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीने. तिला धार नव्हती, त्यामुळे फांदी कापली न जाता चेंगरली. शिवाय एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पाती स्पिरिटने पुसायची असतात. काकूंनी ती ताकाच्या पातेल्यात बुडवलेली होती, कारण पिशवी ताकाची होती. छाटणीचा काप डोळ्याच्या अगदी जवळ, जरा तिरका घ्यायचा असतो. काकांनी 'जपून' घेतला, म्हणजे डोळ्याच्या वर चांगली बोटभर काडी राखली. या उपाशी काडीकडे झाड रस पाठवत नाही. ती वाळते आणि रोगाला उतरायला पायरी मिळते.

राहिलेलं काम पूजेने केलं. फाटकाजवळच्या झाडांची फुलं पहाटे फिरायला येणारी भक्तमंडळी खुडतात, आतल्या झाडांची काकू. दोघांचीही पद्धत एकच: नखाने पिरगाळायचं आणि ओढायचं. फूल देवाकडे जातं, चिंधी झालेला देठ झाडाकडे राहतो.

दिवाळीच्या आसपास ग्लॅडिएटरचा एक शेंडा काळा पडला. ग्लॅडिएटर हा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचा जुना भरवशाचा गुलाब. आता पॉलिहाउसमधल्या डच गुलाबांनी बाजारात त्याला मागे सारलं असलं, तरी उघड्या शेतात तो अजून टिकून आहे. नाव लढवय्याचं असल्यामुळे काकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. हा लढेल, असं ते म्हणाले.

भारतातल्या गुलाबांचा हा सगळ्यात वाईट रोग. इंग्रजीत त्याला डायबॅक म्हणतात आणि आपले शेतकरी शेंडेमर. डिप्लोडिया आणि तिच्या गोतावळ्यातल्या बुरशा जखमेतून आत शिरतात. काप काळा पडतो, काळेपणा फांदीवरून खाली सरकतो, मागे वाळलेलं लाकूड ठेवत जातो. कलमाच्या सांध्यापर्यंत पोचला की गुलाब संपला. जुनं, अशक्त, पाण्यात उभं असलेलं झाड लवकर हार खातं. यात लपवाछपवी काहीच नसते. भुरी आणि धुळीत घोटाळा होऊ शकतो, पण शेंडेमर वरून खाली, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमक्ष उतरते. ओळखायला भिंग लागत नाही, डोळे पुरतात. आणि इलाजही एकच: जिथवर काळं आहे त्याच्या चांगलं खाली, निरोग्या लाकडात कापायचं. कापल्यावर गाभा बघायचा. तपकिरी दिसला तर आणखी खाली. पांढराशुभ्र दिसला की थांबायचं.

अडचण अशी की काळ्याच्या खालची फांदी हिरवी असते. हिरव्या फांदीवर कात्री चालवायची म्हणजे काळीज घट्ट करावं लागतं आणि काका मूळचे आशावादी. त्यांनी कापायचं सोडून अभ्यास सुरू केला. काळेपणा जिथे थांबला होता तिथे मार्करने रेघ मारली आणि तारीख लिहिली. दोन दिवसांनी रोग रेघेच्या खाली गेला. दुसरी रेघ, दुसरी तारीख. एक्सेलमध्ये तक्ता झाला. तक्त्यावरून आलेख झाला. आलेख इतका देखणा आला की तो पूर्ण व्हायला रोग पूर्ण होणं भागच होतं.

शेजारच्या खाचरातले शेतकरी दादा भाताची कापणी उरकून आले होते. कुंपणावरून त्यांनी तारखा लिहिलेली फांदी पाहिली.

"काका, हे काय लिवलंय?"

"रोगाचा वेग मोजतोय."

"वेग कशापायी? मरतीया ती. हितनं कापा."

"अहो, हिरवी आहे ना अजून!"

"वरनं हिरवी. आत बघा की."

"थोडं थांबून बघू."

"आमच्या भातावर करपा आला तर थांबून बघत न्हाई आम्ही," दादा म्हणाले आणि गेले. भात पिकवून जगणाऱ्याचं आणि गुलाब बघून जगणाऱ्याचं घड्याळ वेगळं असतं.

काका थांबले, पण सोसायटी थांबली नाही. दवाखान्यात भेटायला येणाऱ्याने सल्ला दिल्याशिवाय उठायचं नाही हा आपल्याकडचा दंडक गुलाबालाही लागू झाला. व्हॉट्सॲप गटावर उपायांची रीघ लागली. हळद लावा. शेण लावा. दालचिनीची पूड लावा. मध लावा. केळीची साल पुरा, चहाचा चोथा घाला, कांद्याच्या सालींचं पाणी घाला, अंड्याची टरफलं घाला. ही शेवटची सूचना आल्यावर शाकाहारी कुंडीचा प्रश्न निघाला आणि गटात दोन दिवस तेच चाललं. मध लावला त्या रात्री मुंगळ्यांनी ग्लॅडिएटरवर जत्रा भरवली. ताक शिंपडलं त्या रात्री मांजर आलं.

यातले सगळेच उपाय खुळचट नाहीत, ही खरी पंचाईत. ब्राझीलमधल्या बेटिओल यांनी १९९९मध्ये पाण्यात कालवलेल्या गायीच्या दुधाने एका भोपळावर्गीय भाजीवरची भुरी आटोक्यात येते असं दाखवलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये खाण्याचा सोडा आणि फवारणीचं तेल एकत्र करून गुलाबाच्याच भुरीवर आणि काळ्या ठिपक्यांवर वापरलं आणि गुण आला. काकांनी हे दोन्ही मोबाइलवर वाचून दाखवलं, छातीठोकपणे. फक्त ते औषध पानावरच्या रोगाचं आणि यांचा रोग लाकडाच्या आत. पाय मोडलेल्याला खोकल्याचं औषध पाजताना ते किती गुणकारी आहे, याचे पुरावे देण्यात अर्थ नसतो. पण पुरावा इतका भक्कम होता की काकूंनी एक लिटर दूध दिलं. वरून 'साय काढून घेतली आहे' असं सांगितलं.

काकांच्या उशाशी बेंजामिन पिअरी पाल यांचं 'द रोझ इन इंडिया' हे पुस्तक असतं. पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ. गव्हावरच्या तांबेऱ्याला दाद न देणारे वाण तयार करण्यात त्यांनी वर्षं घालवली, १९६५ साली ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले आणि एवढं सगळं सांभाळून त्यांनी गुलाबाच्या नव्या जाती काढल्या, त्यांतल्या एकीला डॉ. होमी भाभांचं नाव दिलं. काकांनी त्या पुस्तकातली जातींची वर्णनं पाठ केली आहेत. रोगांच्या पानांना मात्र अजून घडीही पडलेली नाही.

रेघ सांध्यापासून वीतभर अंतरावर आली तेव्हा काका औषध आणायला नसरापूरकडे निघाले. कृषी सेवा केंद्रातला संवाद थोडक्यात झाला.

"पीक?"

"गुलाब."

"क्षेत्र?"

"सोळा."

"एकर की गुंठे?"

"कुंड्या."

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. मग एक किलो मोरचूद दिलं, चुना कुठूनही घ्या म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बोर्डो मिश्रण हे बुरशीवरचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध औषध आणि त्याचा जन्म चोरांमुळे झाला. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळच्या मेदॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खात. त्यांना किळस यावी म्हणून मळेवाले कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं-पांढरं पाणी मारत. १८८२मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की आतल्या ओळी केवडा रोगाने उजाड झाल्या आहेत आणि चोरांसाठी रंगवलेल्या ओळी हिरव्यागार आहेत. १८८५मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद, एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं आणि ज्या दिवशीचं त्या दिवशी संपवायचं. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं. धातूचं नको.

काकांनी लोखंडी बादली घेतली. मोरचूद विरघळल्यावर बादलीच्या आतल्या बाजूला तांबूस मुलामा चढू लागला. "अगं, बादली तांब्याची झाली!" काका ओरडले. काकूंनी लगेच घरातली आणखी दोन लोखंडी भांडी आणून ठेवली. औषधातलं तांबं औषधात राहायच्या ऐवजी बादलीवर जाऊन बसलं, हे लक्षात यायला अर्धा तास गेला. खरं तर मिश्रण तपासायची युक्तीही हीच आहे. लोखंडी सुरी त्यात बुडवायची, तिच्यावर लालसर थर आला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा.

दुसऱ्या प्रयत्नात पिंप आलं आणि शंभर लिटर औषध झालं. सोळा कुंड्यांना चार लिटर पुरलं. उरलेलं त्याच दिवशी संपवायचं, असं कृतीत लिहिलेलं होतं आणि काका लिहिलेलं पाळणारे. त्यांनी नारळ फवारला, कढीपत्ता फवारला, कुंपण फवारलं, कुंपणापलीकडच्या गृहस्थांची उभी गाडी दोन्ही बाजूंनी फवारली. दुसऱ्या दिवशी सगळं निळसर पांढरं. फाटकापाशी फूलचोर भक्तमंडळी क्षणभर थबकली. मेदॉकमध्ये चोर पळाले होते. शिवऱ्यात एक आजी म्हणाल्या, "निळे गुलाब! शनिवारी मारुतीला घालते," आणि पिशवी भरून निघाल्या.

फवाऱ्याने शेंडेमर थांबली नाही. थांबणार नव्हतीच. काप घेतल्यानंतर जखमेवर लावायला घट्ट लेप लागतो, आणि काप घेतलेलाच नव्हता. तरीही काकांनी लेपाची तयारी केली. कुमाऊँतल्या चौबटियाच्या सरकारी फळसंशोधन केंद्रातून निघालेला एक जुना लेप त्यांना कुठेतरी वाचायला मिळाला: कॉपर कार्बोनेट, शेंदूर आणि जवसाचं तेल. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, विषारी. म्हणून हल्ली लोक साधी बोर्डो पेस्ट किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडचा लेप वापरतात. काकांना ते कमीपणाचं वाटलं. त्यांनी शेंदूर कालवला आणि न कापलेल्या फांदीवर, वरपासून खालपर्यंत, जाड थापला. सकाळी बघतात तर कुंडीपुढे दोन उदबत्त्या, एक लिंबू आणि पाच रुपयांचं नाणं. दूधवाल्याने फाटकातूनच हात जोडले आणि त्या दिवशी दुधात पाणी कमी होतं, असं काकूंचं मत पडलं.

देव झालेला असला तरी ग्लॅडिएटर वाळला. पण गंमत अशी की नाताळाच्या सुमारास बुंध्यातून तरतरीत, लांबसडक, फिकट हिरवा फुटवा आला. आठवड्याला वीत-वीत वाढू लागला. काकांनी पेढे वाटले. गटावर फोटो गेला, 'शेंदराचा गुण'. सत्तावन्न अंगठे आले. शेतकरी दादा आले, बसले, फुटवा कुठून आलाय ते बोटाने माती बाजूला करून पाहिलं.

"काका, हा गाठीच्या खालनं आलाय."

"मग?"

"मग तुमचा गुलाब गेला. हा खुंट हाय. रानगुलाब. ह्यो काटंच देणार."

पेढे खाऊन झालेले होते.

मावळात तळेगाव दाभाड्याच्या पॉलिहाउसमध्ये याच दिवसांत व्हॅलेंटाइन डेच्या निर्यातीची घाई चाललेली असते. तिथे गंधकाच्या वाफेने भुरी आवरतात, हवेतला ओलावा मोजतात आणि रोगट फांदी दिसली की बाई चालता चालता कापून पुढे जाते. फांदीला नाव नसतं, तारीख नसते. त्या बाईला दिवसाला हजारो फांद्या बघायच्या असतात. काकांकडे सोळा होत्या आणि सोळाही जणींच्या बारशाला ते स्वतः हजर होते.

फेब्रुवारीत क्वीन एलिझाबेथचा शेंडा काळा पडला तेव्हा मात्र काकूंनी कोणाला विचारलं नाही. शोकेस उघडली, लाल मुठीची कात्री काढली, देव्हाऱ्याजवळची स्पिरिटची बाटली घेतली, पाती पुसली आणि कचकन फांदी उडवली. गाभा तपकिरी होता. आणखी चार बोटं खाली. तपकिरी. आणखी खाली, पांढरा. वर बोर्डो पेस्टचं बोट. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. मग त्याच दमात बाकीच्या चौदा कुंड्यांचं मेलेलं, अर्धमेलं आणि जरासं संशयित लाकूड उतरलं. काका ओट्यावर बसून फक्त म्हणत होते, "अगं, ती हिरवी होती. अगं, तीही हिरवी होती."

कापलेल्या काड्यांचा चांगला भारा झाला. त्या कंपोस्टमध्ये घालायच्या नसतात, आवारात ठेवायच्या नसतात, जाळायच्या. पण घरात बंब नव्हता, सोलर होता आणि सोसायटीत जाळ करायला बंदी. दादांनीच मार्ग काढला. भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर पालापाचोळा आणि काटक्या अंथरून भाजतात, तो राब. "ठेवा कुंपणाला बांधून. उन्हाळ्यात नेतो राबाला," ते म्हणाले.

उन्हाळ्यात दादा आले तेव्हा कुंपणाला फक्त सुतळी होती.

"भारा कुठं हाय, काकू?"

काकूंनी पदर सावरला. "अहो, इतक्या छान काड्या जाळायच्या जिवावर आलं. महिला मंडळातल्या सगळ्याजणींना दोन दोन वाटल्या. सगळ्यांनी कुंड्यांत लावल्यात. रंगाच्या चिठ्ठ्यासुद्धा बांधून दिल्या मी."

दादांनी रांगेने उभ्या असलेल्या बंगल्यांकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"मंग आता," ते म्हणाले, "समदी सोसायटीच राबावर घ्यावी लागंल."